बोअरची पातळी मोजायची टेप: 100 मीटरची नको, 150ची घ्या

रीळ, त्यावर सेंटिमीटर छापलेली चपटी टेप, तिच्यात दोन तारा, टोकाला स्टीलचा वजनदार प्रोब आणि 9 व्होल्टचा सेल. प्रोब पाण्याला टेकला की सर्किट पूर्ण होतं, बझर वाजतो. यंत्र एवढंच. पण मराठवाड्यातल्या ज्या गावाला रब्बीचं पाणी मोजून वाटायचंय, त्यानं हे घ्यावंच. गावाला एक पुरतं.

100 मीटर म्हणजे 328 फूट. दिवाळीत ठीक, मे महिन्यात खोल बोअरला टेप संपते, बझर वाजतच नाही. आकडे छापून वर पारदर्शक आवरण असलेलीच टेप बघा. चिकटवलेले आकडे ओले झाले की सरकतात.

खरा त्रास खोट्या बझरचा. वरच्या थरातलं पाणी केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाईपच्या, आतून ओघळत असेल तर प्रोब पातळीच्या बराच वर वाजतो. सेन्सिटिव्हिटीचं बटण कमी करा, प्रोब झटकून पुन्हा सोडा. खऱ्या पातळीवर आवाज सलग येतो, प्रोब वर घेताच थांबतो आणि खाली सोडला की त्याच आकड्याला वाजतो. दुसरं म्हणजे कॉलम पाईप (मोटारीचं पाणी वर आणणारा), केबल आणि दोरीत प्रोब अडकतो. हिसका देऊ नका, आतली तार तुटते. ढील देऊन हळूहळू फिरवत काढा. दोन्हींवर एकच पक्का इलाज: मोटार वर काढाल तेव्हा पाईपसोबत एक इंची पीव्हीसी नळी सोडून ठेवा, खालचं तोंड उघडं आणि खालच्या भागाला भोकं. मग टेप कायम त्या नळीतूनच सोडायची.

मोटार रात्रभर बंद हवी. ऑटो स्टार्टर असेल तर फ्यूज काढूनच ठेवा, नाहीतर लाईट आली की मोटार चालू आणि मोजणी वाया. शेजारचा उपसाही थांबवायला सांगा. मोजायचं केसिंगच्या काठावर रंगानं केलेल्या एकाच खुणेपासून; केसिंग जमिनीच्या जेवढं वर, तेवढं वजा. दोन वाचनांत 2 सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर तिसरं घ्या. पिण्याच्या विहिरीत सोडण्याआधी प्रोब ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेमध्ये मोजते. गावानंही तेच महिने धरावेत. ऑक्टोबरचं वाचन चुकवू नका, पेरणी त्यावर ठरते.

पातळीच्या आकड्यावरून पाणी किती, हे कसं काढायचं? आपला बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, फार कंजूष. मुरमाड, झिजलेल्या थरातून उपशाला मिळणारं पाणी थराच्या आकारमानाच्या 1 ते 3 टक्केच. 2 टक्के धरले तर 1 मीटर पातळीमागे फक्त 2 सेंमी, म्हणजे हेक्टरी 2 लाख लिटर. शंभर हेक्टरात पातळी 2 मीटर उतरेपर्यंत पाणी वापरायचं ठरलं तर 4 कोटी लिटर. गव्हाला 400 मिमी धरले तर जेमतेम 10 हेक्टर. हरभऱ्याला साधारण निम्मं लागतं. हा हिशेब विहिरींच्या पातळीवरच करा. खोल बोअरची पातळी बऱ्याचदा भेगांतला दाब दाखवते, साठा नाही.