गटाचं मतदान मोबाइलवर: व्हॉट्सअप, टेलिग्राम की गूगल फॉर्म?

व्हॉट्सअपच्या पोलमध्ये मत दिलं की ते कोणी दिलं हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतं. नुसत्या अ‍ॅडमिनला नाही, प्रत्येकाला. पोलच्या खाली मतं बघायचं बटण आहे. ते दाबलं की पर्यायागणिक नावांची यादी उघडते आणि नावासोबत मत दिल्याची वेळही दिसते. शेतकरी गट, बचत गट आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांचे बरेच निर्णय आता याच पोलवर घेतले जातात, म्हणून पहिल्यांदा त्याचाच हिशेब मांडू.

पोल बनवणं सोपं आहे. ग्रुप उघडा, जोडणीच्या चिन्हावर जा, पोल निवडा, प्रश्न लिहा, पर्याय टाका. पर्याय जास्तीत जास्त १२. खाली एकापेक्षा जास्त उत्तरं चालू ठेवायचं बटण असतं आणि ते आधीपासून सुरूच असतं. इथे बरेच अध्यक्षभाऊ फसतात. 'सभा शनिवारी की रविवारी' या प्रश्नाला लोक दोन्हीकडे बोट लावतात आणि ३० जणांच्या गटात ४१ मतं पडतात. एकाच उत्तराची सोय २०२३ मध्ये आली आहे, तेव्हा पाठवण्याआधी ते बटण बंद करा.

सभेची तारीख, ट्रॅक्टरची पाळी, माती परीक्षणाला कोणाकोणाचे नमुने जाणार, सहलीला कोण येणार, असल्या कामाला हा पोल एक नंबर आहे. तिथे नाव दिसणं उलट सोयीचं, कारण न आलेल्याला फोन करता येतो. या कामासाठी पाचपैकी साडेचार तारे.

आता दुसरा प्रश्न घ्या: 'यंदा बियाणं आणि खत गटाने एकत्र घ्यायचं की आपापलं?' गावातला कृषी केंद्रवाला त्याच ग्रुपमध्ये आहे, माहिती टाकायला म्हणून दोन वर्षांपूर्वी घेतलेला. अर्ध्या सभासदांची मागच्या हंगामाची उधारी त्याच्या वहीत आहे. 'एकत्र' वर बोट ठेवलं की नाव त्याला दिसणार, आणि जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर युरियाची थैली मागायला त्याच्याच काउंटरवर जायचं आहे. कापूस गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला द्यायचा की सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर न्यायचा, या प्रश्नाचंही तेच. ज्याने दिवाळीला उचल दिली, तो यादी वाचत बसलेला असतो. अशा पोलमध्ये ४० पैकी १५ मतं पडतात आणि 'लोकांना रसच नाही' असा निष्कर्ष निघतो. रस असतो, पण नाव दिसून राह्यलं म्हणून बोट थांबतं.

शिवाय मत देण्याआधीच कोणाचं मत कुठे गेलं ते दिसत असल्याने पहिली दोन-तीन नावं वजनदार माणसांची पडली की बाकीचे त्याच रांगेत लागतात. संचालकांनी आपलं मत शेवटी द्यावं, एवढा साधा नियम केला तरी फरक पडतो.

व्हॉट्सअपच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पोल आणि मतं दोन्ही एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे कोणी कशाला मत दिलं हे कंपनीला वाचता येत नाही. पण गावातल्या मतदाराला भीती कॅलिफोर्नियातल्या कंपनीची नसते, शेजारच्या ओसरीवरच्या माणसाची असते. अ‍ॅप निवडताना ही एकच गोष्ट पाहायची: मत नेमकं कोणापासून झाकायचं आहे?

अ‍ॅडमिनच्या हातात काय आहे तेही समजून घ्या. मतांच्या बाबतीत व्हॉट्सअपच्या अ‍ॅडमिनला साध्या सभासदापेक्षा जास्त काही दिसत नाही. मात्र २०२२ पासून तो कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसू शकतो, आणि पोल हाही मेसेजच आहे. निकाल आवडला नाही तर पोलच गायब. त्या जागी अ‍ॅडमिनने पुसल्याची ओळ राहते, मतं राहत नाहीत. त्यातून मत केव्हाही बदलता येतं. म्हणून वेळ आधीच जाहीर करा, समजा रात्री ९. त्या मिनिटाला दोन वेगळ्या माणसांनी नावांच्या यादीसकट स्क्रीनशॉट काढून ग्रुपमध्ये टाकावा. अ‍ॅडमिनही दोन ठेवा, आणि दोघे एकाच घरचे नकोत.

टेलिग्रामचं गणित उलटं आहे. तिथला पोल मुळातच गुप्त असतो, उघड मतदानाची सोय २०२० मध्ये मागाहून आली. पोल बनवताना 'अनामिक मतदान' हे बटण सुरू आहे ना, एवढं पाहायचं. ते सुरू असेल तर मतं कोणाची हे ना अ‍ॅडमिनला दिसतं, ना पोल बनवणाऱ्याला. फक्त आकडे आणि टक्के दिसतात, तेही स्वतःचं मत दिल्यावर. त्यामुळे रांगेत लागण्याचा प्रकारही कमी होतो. ग्रुपमधला मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतो, हे खरं. पण कृषी केंद्रवाल्याला तो दिसत नाही, आणि आपल्या कामापुरतं तेच पाहिजे.

टेलिग्रामची खोड वेगळीच आहे. गुप्त पोल फॉरवर्ड करता येतो, आणि जिथे जाईल तिथली मतं मूळ पोलमध्येच मोजली जातात. गटातल्या कोणी तो तालुक्याच्या ग्रुपवर टाकला तर ५० सभासदांच्या गटात १३० मतं पडतील आणि परकी मतं वेगळी काढताच येणार नाहीत, कारण नावंच नाहीत. यावर उपाय आहे. ग्रुप खासगी ठेवा, ग्रुपच्या सेटिंगमध्ये मजकूर सेव्ह आणि फॉरवर्ड करण्यावर बंदी घाला, आणि मगच पोल टाका. आधी टाकून मग बंदी घातली तर मधल्या वेळात गेलेला पोल गेलाच.

दुसरं, टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. 'जय किसान' नावाचा, वर बैलजोडीचा फोटो लावलेला सदस्य नक्की कोण, हे मतदानाआधी रजिस्टर घेऊन जुळवावं लागतं. एकाच माणसाचे दोन सिम म्हणजे दोन खाती आणि दोन मतं. उत्पादक कंपनीत शेतकऱ्याचे शेअर कितीही असोत, मत एकच असतं. तो नियम गटाच्या कलचाचणीतही पाळायचा तर यादी जुळवण्याचा अर्धा तास द्यावाच लागतो. जुळवल्यावर आमंत्रणाची लिंक रद्द करा.

टेलिग्रामच्या अ‍ॅडमिन-व्यवस्थेला मात्र पैकीच्या पैकी. कोणाला मेसेज पुसता येईल, कोणाला माणूस काढता येईल, कोणाला नवा अ‍ॅडमिन नेमता येईल, हे एकेका माणसाला वेगवेगळं देता येतं. वर अलीकडच्या कारवायांची नोंद ४८ तास राहते. कोणत्या अ‍ॅडमिनने काय पुसलं, कोणाला काढलं, हे बाकीच्या अ‍ॅडमिनना तिथे दिसतं. म्हणजे तक्रार असेल तर दोन दिवसांच्या आत उघडून बघा, तिसऱ्या दिवशी काही सापडणार नाही.

अडचण एवढीच की टेलिग्राम पोट्ट्यांच्या फोनमध्ये सिनेमा उतरवायला असतं, साठीच्या काकांच्या फोनमध्ये नसतं. ते टाकून द्यायला, ओटीपी घ्यायला आणि एकदा सराव पोल करून दाखवायला एक संध्याकाळ जाते. सरावाला 'चहा की कॉफी' पुरे. विदर्भात निकाल माहीतच आहे.

फेसबुक ग्रुपवर वेळ घालवू नका. तिथली 'अनामिक' पोस्टसुद्धा अ‍ॅडमिन आणि मॉडरेटरला नावासकट दिसते.

गूगल फॉर्मला लोक गुप्त समजतात, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. फॉर्म गुप्त आहे की नाही हे बनवणाऱ्याने सेटिंग कशी ठेवली यावर ठरतं. प्रतिसादांच्या सेटिंगमध्ये ईमेल गोळा करणं बंद आणि एका व्यक्तीला एकच प्रतिसाद हे सुरू, अशी जोडी पाहिजे. या जोडीत लॉगिन करावं लागतं, पण ईमेल फॉर्मच्या मालकाला मिळत नाही. मतदाराला स्वतः तपासायचं असेल तर फॉर्मच्या वरच्या भागात त्याचा ईमेल दिसतो आणि जवळच तो शेअर केला जात नसल्याची खूण असते. ती दिसली नाही तर मत देऊ नका. हे सभासदांना फॉर्म पाठवतानाच सांगून ठेवावं.

एवढं करूनही फॉर्म बोलतो. प्रतिसाद जमा होतात त्या जोडलेल्या गूगल शीटच्या पहिल्या रकान्यात तारीख-वेळ सेकंदासकट येते. आठ वाजता लिंक टाकली, ८ वाजून २ मिनिटांनी शेजारी बसलेल्या भाऊने भरली, की पहिली ओळ कोणाची हे सांगायला ज्योतिषी नको. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे जादा प्रश्न. गाव, वय, किती एकर, ओलित की कोरडवाहू, संत्र्याची झाडं किती. मोर्शी-वरुडकडच्या एका गावात ११ एकर ओलित आणि ६०० झाडं असलेला माणूस एकच असतो, त्याचं नाव लिहायची गरज उरत नाही. मताच्या फॉर्मवर एकच प्रश्न ठेवा. माहिती हवी असेल तर त्यासाठी वेगळा फॉर्म काढा.

फॉर्मला ज्यांना संपादनाचा हक्क दिला, त्या प्रत्येकाला एकेक प्रतिसाद उघडून बघता येतो आणि पुसताही येतो. मात्र इथे एक चांगली गोष्ट आहे: फॉर्ममधून प्रतिसाद पुसला तरी आधीच जोडलेल्या शीटमधली ओळ तशीच राहते. म्हणून मतदान सुरू होण्यापूर्वी शीट जोडा, विरोधी बाजूच्या एकाला ती फक्त बघायला द्या, आणि वेळ संपल्यावर फॉर्मचा आकडा आणि शीटच्या ओळी ताडून पाहा. जुळत नसेल तर कुठेतरी हात लागला आहे. शीटच्या आवृत्ती इतिहासात कोणी काय बदललं तेही निघतं, पण तो पाहायला संपादनाचा हक्क लागतो, तेव्हा तो दोन बाजूंच्या एकेकाकडे असू द्या.

जीमेलचं काय, असं कोणी विचारेल. अँड्रॉइड फोन म्हटला की गूगल खातं असतंच, फक्त बऱ्याचदा ते मोबाइलच्या दुकानदाराने काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही. फोनमध्ये लॉगिन सुरूच असल्याने मत देताना सहसा अडत नाही. अडतं ते नवरा-बायको दोघे सभासद आणि फोन एक, तिथे. दुसरं मत जातच नाही. आणि लॉगिनची अट काढली तर एकजण दहा वेळा भरतो. बचत गटात तर फोन बहुतेक वेळा घरच्या माणसाच्या खिशात असतो, मग काकूंचं मत काकाच देणार.

पदाधिकारी निवडायचे असतील किंवा पैशाचा वाद असेल, तर यातलं कोणतंच अ‍ॅप घेऊ नका. दारूचं दुकान बंद करायच्या मतदानात बायांपुढे उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रं असतात आणि मतदान चिठ्ठीने गुप्तपणे होतं. ती पद्धत गटालाही पुरते. एका मापाच्या चिठ्ठ्या, मागे गटाचा शिक्का, आडोशाला एकच बांधलेला पेन, कारण ज्याच्या त्याच्या शाईवरून चिठ्ठी कोणाची हे ओळखता येतं. रजिस्टरवर सही किंवा अंगठा घेऊनच चिठ्ठी द्या, चिठ्ठीवर क्रमांक टाकू नका. पेटी उघडल्यावर चिठ्ठ्या आधी घडी न उलगडता मोजा आणि सह्यांशी ताडा. चिठ्ठ्या जास्त निघाल्या तर एकही न वाचता जाळा आणि तिथल्या तिथे पुन्हा मतदान घ्या, कारण एकदा कल कळला की दुसऱ्या फेरीत माणसं तीच आणि मतं वेगळी पडतात.