गवताच्या पडीक रानात गहू: नांगरून पेरायचा की थेट?

गणपतीत आतेभाऊ लालबागला आमच्या घरी आला होता. प्रसाद घेता घेता त्याने फोनवर गावच्या रानाचे फोटो दाखवले. जुन्नर तालुक्यात अडीच एकर, विहिरीला मार्चपर्यंत पाणी, आणि बारा वर्षं नुसतं गवत. यंदा मोटर दुरुस्त करून घेतली, म्हणून गहू करायचा बेत. ट्रॅक्टरवाला म्हणतो, पलटी नांगर घालू. गावातला एक तरुण शेतकरी म्हणतो, नांगरू नका, शून्य मशागतीच्या यंत्राने गवतातच पेरा. "ताई, तू दोन्ही करून बसलीस, काय करू सांग." तेव्हा आरतीच्या गडबडीत नीट सांगता आलं नाही. आपल्यातल्या पुष्कळांची नोकरी मुंबईत आणि रान गावाला पडीक, म्हणून इथेच सविस्तर लिहिते.

यंत्राचं नंतर. आधी कुदळ घेऊन रानात पाच-सहा ठिकाणी खणा आणि गवताची मुळं हातात घेऊन बघा. मारवेल, पवन्या, कुसळी ही ठोंबाने वाढणारी गवतं. ठोंब मेला की प्रश्न बऱ्यापैकी मिटला. हरळीचं तसं नाही. तिच्या पांढऱ्या गाठाळ कांड्या जमिनीखाली धावतात आणि प्रत्येक पेरातून नवं रोप उठतं. लव्हाळ्याच्या गाठी त्याहून चिवट. आणि खोल काळ्या रानातला कुंदा जुन्या लोकांना विचारा. तो काढायला माणसं लावून कंबरभर खणत असत. थेट पेरणी चांगली की नांगरट, याचं निम्मं उत्तर या मुळांत आहे, आणि मुंबईत बसून फोटोवरून ते कळत नाही.

थेट पेरणीचं मूळ गवतातच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे ती हरियाणा-पंजाबच्या भातानंतरच्या गव्हामुळे माहीत झाली. पण त्या यंत्राचा उलट्या 'टी' आकाराचा फाळ न्यूझीलंडचा, चराऊ कुरणात बी पेरण्यासाठी घडवलेला. १९८९ मध्ये तो भारतात आला आणि १९९१ मध्ये पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने आपल्या ट्रॅक्टरला जोडेल असं पहिलं यंत्र बनवलं. हा फाळ वरून अरुंद चीर पाडतो आणि खाली थोडी रुंद जागा करतो. बी ओलीत पडतं, वरची चीर अरुंद असल्याने ओल लवकर उडत नाही. दोन पेट्या असतात, एकीत बी आणि दुसरीत खत. एका फेरीत पेरणी होते. नांगर, दोनदा वखर, रोटाव्हेटर, मग पेरणी, इतक्या फेऱ्यांचं डिझेल वाचतं ते इथे.

शिवाय बारा वर्षं गवताने जे केलं ते शाबूत राहतं. मुळांनी माती रवाळ केलेली असते, गांडुळांची बिळं खोल गेलेली असतात, सेंद्रिय कर्ब साठलेला असतो. अमेरिकेच्या मैदानांतलं गवत उलथून गहू केला आणि १९३० च्या दशकात ती माती वादळांनी उडून गेली. १९५४ पासून सोव्हिएत संघाने कझाकस्तानचं गवताळ रान फोडलं, तिथेही काही वर्षांतच वाऱ्याने माती नेली. आपल्याकडे वाऱ्याचं भय तेवढं नाही, पण वैशाखात नांगरून उघडं टाकलेलं उताराचं रान जूनच्या पहिल्या वळवात ओढ्याला कसं जातं, हे मी सिन्नरला स्वतः पाहिलं आहे. त्या दिवशी बांधावर उभी राहून मला रडू आलं होतं.

तरीही थेट पेरणी सोपी आहे असं म्हणणारा अर्धंच सांगतो. ती फेऱ्या वाचवते, डोळा मागते.

पहिली अडचण गवत मारण्याची. गहू स्वतः गवतच. उभ्या गव्हात हरळी मारून गहू राखील असं तणनाशक नाही. जंगली ओट किंवा गुल्लीदांड्यावर चालणारी औषधं हरळीला ढिम्म हलवत नाहीत. म्हणजे जे करायचं ते पेरणीआधी. सप्टेंबरच्या सुरुवातीला गवत कापून न्यायचं, वीतभर हिरवा फुटवा येऊ द्यायचा आणि त्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारायचं. दिवाळीत सुकलेल्या, धुळकट पातीवर फवारलं तर पैसे वाया, कारण औषध हिरव्या पातीतूनच मुळांपर्यंत उतरतं. पाणी नितळ हवं. गढूळ पाण्यातली चिकणमाती ग्लायफोसेटला धरून ठेवते आणि ते निकामी होतं. दुसरी गोष्ट कायद्याची. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. तेव्हा दुकानातून कॅन उचलण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारा. आणि गावच्या गड्याच्या पाठीवर हातमोजे-मास्कशिवाय पंप देऊन आपण मुंबईला परतू नका.

फवारणी आणि पेरणी यांत तीन-चार आठवडे जाऊ द्या. कुजत्या ओल्या गवताला बी चिकटून राहिलं तर त्यातून सुटणारी आम्लं कोंबाला जाळतात. फाळाने सुकं गवत चिरेत दुमडलं गेलं तर बी मातीला टेकतच नाही. गवत लांब राहिलं तर दात्यांत अडकून ढीग होतात.

औषधच नको म्हणणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. न्यू साउथ वेल्सचे शेतकरी कॉलिन सीस यांनी १९९० च्या दशकात उन्हाळी गवत थंडीत झोपलेलं असताना त्यातच धान्य पेरायला सुरुवात केली. गवत मारायचं नाही, फक्त चारून आखूड करायचं. आपलं मारवेल-पवन्याही उन्हाळी जातीचंच. पण आपली थंडी तितकी कडक नाही, आणि गव्हाला दिलेलं पाणी गवतालाही मिळतं. दहा गुंठ्यांत करून बघावा. सगळ्या रानात मी करणार नाही.

मग नत्र. मेलेली मुळं कुजताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि तीन-चार आठवड्यांचा गहू पिवळा पडतो. बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश ही नेहमीची शिफारस. अर्धं नत्र पेरताना. थेट पेरणीत मी पेरतानाचा वाटा थोडा वाढवते, पण युरिया बियाला भिडू देत नाही. नांगरलेल्या रानात उलट होतं: गवत पुरतं कुजलं की नत्र मोकळं सुटतं, एक-दोन पिकं जोरात येतात. त्यावर हुरळू नका, तो साठवलेला कर्ब खर्च होतोय.

किडीही सारख्या नाहीत. जुन्या गवतात हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी मुरलेली असते. उन्हाळ्यात नांगरलं की बगळे-मैना हुमणी वेचतात, वाळवीची घरं फुटतात. थेट पेरणीत ती जागच्या जागी राहतात. मुळं बघायला खणाल तेव्हा अळ्याही मोजा. फूटभर चौरसात दोन-तीन निघत असतील तर थेट पेरणीचा विचार यंदा सोडा. बीजप्रक्रिया, म्हणजे पेरण्याआधी बियाला औषध चोळणं, तर कुठल्याही बाजूला चुकवू नये.

शेवटची गोष्ट सपाटीची, आणि तिच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. बारा वर्षांच्या रानात वारुळं, गुरांच्या वाटा, खळगे असतात. न नांगरलेल्या घट्ट जमिनीवर पाणी भरभर पुढे सरकतं, हा फायदा. पण रान उंचसखल असेल तर पाणी द्यायला सारे (लांब वाफे) पाडता येत नाहीत आणि निम्मा गहू तहानलेला राहतो. तुषार संच असेल तर प्रश्न नाही. काळ्या रानात वाफसाही, म्हणजे पेरणीजोगी ओल, नेमका साधावा लागतो. ओल जास्त असली तर चिरेच्या भिंती चकचकीत होऊन उघड्या राहतात, कमी असली तर फाळ घुसत नाही. शनिवार-रविवारी कल्याणहून माळशेजमार्गे जाऊन येणाऱ्याला वाफसा थांबून राहत नाही. गावात वाफसा ओळखणारं आणि फोन करणारं माणूस हवं.

आता नांगरट. तिच्याविषयी मला एकच ठाम मत आहे: नांगरायचं असेल तर त्या रानात यंदा गहू नाही. गवताचं रान दसऱ्या-दिवाळीत उलथलं की गवताच्या मुळ्यांसकट ढेकळं निघतात, आत पोकळ्या राहतात, बी कुठे दोन बोटं तर कुठे वीतभर खोल पडतं. मग ढेकळं फोडायला रोटाव्हेटर येतो. माझं हेच झालं. भाड्याच्या ट्रॅक्टरने हरळीच्या रानात तीनदा रोटाव्हेटर फिरवला, रान दिसायला रव्यासारखं झालं, आणि एकेका कांडीचे दहा तुकडे होऊन जानेवारीत गव्हापेक्षा हरळी उंच होती. नांगरट ही चैत्र-वैशाखातलीच खरी: खोल पलटी, कांड्या उन्हात वाळू द्यायच्या, वेचून बांधाला न्यायच्या. पाऊस पडला की रान उघडं न ठेवता सोयाबीन किंवा ताग घ्यायचा, आणि त्या रानात नोव्हेंबरात गहू. तो गहू मात्र बिनधास्त थेट पेरा. सोयाबीनच्या मोकळ्या रानात शून्य मशागतीचं यंत्र फार सुरेख चालतं.

न नांगरता पीक कसं येतं ते डोळ्यांनी बघायचं असेल तर नेरळ लोकलने दोन तासांवर आहे. चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बागेत कायमच्या गादीवाफ्यांवर न नांगरता भात घेण्याची पद्धत बसवली. पीक वेगळं असलं तरी माती हाताळण्याची समज तीच.

उतारावर मुरमाड रान असेल तर दोन्ही सोडा आणि गवतच राखा. चाऱ्याला गिऱ्हाईक असतं.

जात निवडताना पाण्याचा हिशेब आधी. निफाडच्या संशोधन केंद्राची नेत्रावती कमी पाण्याला, फुले समाधान वेळेवर आणि उशिरा दोन्हीला चालते. दोनच पाणी असतील तर पहिलं २०-२२ दिवसांनी, दुसरं ६०-६५ दिवसांनी. एकरी ४० ते ५० किलो बी, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हातचा जाऊ द्यायचा नाही.

आतेभाऊ अनंत चतुर्दशीनंतरच्या शनिवारी कुदळ घेऊन गेला. खालच्या दीड एकरात मारवेलचे ठोंब निघाले, रान सपाट, हुमणी जवळपास नाही. विहिरीकडच्या एकरात हरळीच हरळी. खालचं गवत त्याने त्याच दिवशी कापायला सांगितलं. तिथे नोव्हेंबरात थेट पेरणी होईल. वरचं एकर धनगराला मेंढ्या बसवायला दिलंय, चैत्रात नांगर लागेपर्यंत.