जागतिक अजिंक्यपदाआधी कुठे धावावं: व्हुएल्टा, कॅनडा की ब्रिटन?

सप्टेंबरअखेरच्या जागतिक रस्ता-शर्यतीआधी सायकलपटूला कुठे पाठवायचं, हे ठरवताना मी आधी एकच गोष्ट बघेन: जुलैत टूर द फ्रान्समध्ये कमावलेला दम त्याच्या पायांत अजून टिकून आहे का?

नसेल, तर व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत. तीन आठवडे डोंगर चढून जो दम येतो, तो एकट्याने केलेल्या सरावातून येत नाही. २०१८ मध्ये इन्सब्रुकला जागतिक शर्यत वाल्वेर्दे जिंकला, २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँगला एव्हनपूल. दोघेही त्याच वर्षीची व्हुएल्टा पुरी करून आलेले. एव्हनपूलने तर ती जिंकली होती आणि दोनच आठवड्यांत ऑस्ट्रेलियात तो एकटा पुढे निघून गेला. २०२४ मध्ये झुरिकला दुसरा आलेला बेन ओ'कॉनर व्हुएल्टातही दुसराच होता. भीती असते ती थकवा अंगात मुरण्याची. तशी लक्षणं दिसली, तर दुसऱ्या आठवड्यानंतर शर्यत सोडून घरी परतण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही.

दम टिकून असेल, तर कॅनडा. क्वेबेक आणि मॉन्ट्रियल या दोन एकदिवसीय शर्यतींच्या मध्ये एकच दिवस विश्रांती. दोन्हींत त्याच वाटेच्या फेऱ्या, तोच चढ पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी पायथ्याशी पुढची जागा पकडण्याची झटापट. जागतिक शर्यतही बहुतेकदा अशीच रंगते. २०२४ मध्ये पोगाचार मॉन्ट्रियल जिंकला आणि दोन आठवड्यांनी झुरिकच्या जागतिक शर्यतीत शेवटाला तब्बल १०० किलोमीटर उरले असतानाच पुढे सुटला. २०२५ मध्येही तो कॅनडातूनच किगालीच्या जागतिक शर्यतीला गेला आणि जिंकला. पण दोन्ही वर्षी त्याच्या पायांत टूर द फ्रान्सचं विजेतेपद होतं, हे विसरू नका. कॅनडा धार लावतं. पातं आधीच घडलेलं लागतं. शिवाय २०२६ चं अजिंक्यपद मॉन्ट्रियललाच आहे. १९७४ मध्ये मर्क्स जिंकला तेच शहर.

ब्रिटनची शर्यत काही दिवसांची, लहान चढउतारांची. अलाफिलिप २०२१ मध्ये तिथून लूव्हेनच्या जागतिक शर्यतीला गेला आणि जिंकला. व्हॅन डर पूलने २०१९ मध्ये तीच शर्यत जिंकली, पण यॉर्कशरच्या जागतिक शर्यतीत, पावसात, शेवटच्या फेरीत त्याचे पाय संपले. उंच डोंगर नसलेल्या वर्षीच मी तिचा विचार करेन.

एक उणीव मात्र तिन्हींत आहे. कॅनडाच्या शर्यती दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरच्या, व्हुएल्टाचे बहुतेक टप्पे त्याहून लहान. किगालीत मात्र २६७ किलोमीटर होते. सहाव्या तासाची सवय शर्यतीबाहेर, वेगळ्या लांब सरावातूनच करावी लागते.