‘लिगामेंट जोडणारं’ इंजेक्शन: पैसे भरण्याआधी वाचा

कबड्डीत पाय रोवून वळताना गुडघ्यात ‘कट्’ होतं, काही तासांत गुडघा टम्म सुजतो, एमआरआयमध्ये एसीएल (मांडीचं आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट) पूर्ण तुटल्याचं येतं. घरचे ऑपरेशनच्या धास्तीत असतानाच कुणीतरी सुचवतं: ‘स्टेम सेलची तीन इंजेक्शनं घ्या, चिरफाड न करता लिगामेंट जुळेल. आज पैसे भरलेत तर सवलत.’

मग हातातून रक्त काढतात, मशीनमध्ये फिरवतात आणि वरचा पिवळसर द्रव गुडघ्यात टोचतात. हे पीआरपी आहे, रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स. स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी, नव्हेत! त्यासाठी कमरेच्या हाडातली मज्जा किंवा पोटाची चरबी काढावी लागते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार लिगामेंटसाठी स्टेम सेल फक्त नोंदणीकृत संशोधन-चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) देता येतात, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत.

तरीही लोकांना गुण आल्यासारखं का वाटतं? सांध्यात साचलेलं रक्त काही आठवड्यांत आपोआप शोषलं जातं. सूज उतरते, दुखणं थांबतं, सरळ चालता येतं. श्रेय मात्र इंजेक्शनला जातं. पूर्ण तुटलेली एसीएल सहसा जुळत नाही, कारण सांध्यातल्या द्रवात तिच्या टोकांमध्ये रक्ताची गाठ टिकत नाही. खेळाडू मैदानात उतरतो, वळताना गुडघा निसटतो आणि सांध्यातली गादी (मेनिस्कस) फाटते. हे नुकसान पैशांपेक्षा मोठं आहे. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं दुसरं लिगामेंट, एमसीएल, तुटली तर मात्र बहुतेक वेळा ब्रेस आणि व्यायामानेच भरून येते; तिच्यावर इंजेक्शन विकणं तर आणखी सोपं.

दुखणं गेलं म्हणून लिगामेंट जुळलं असं समजू नका. गुडघा २०-३० अंश वाकवून नडगी पुढे ओढून पाहणारी लॅकमन तपासणी दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून दोन्ही पायांवर करून घ्या. ऑपरेशन सगळ्यांनाच लागतं असं नाही. लागलं तरी गुडघा अडकलेला नसेल तर घाई नसते. आधी सूज उतरवून पाय पूर्ण सरळ होऊ द्यायचा असतो. ऑपरेशननंतर खेळायला किमान नऊ महिने.

इंजेक्शन घेतलंच असेल तर बिलावर नेमकं काय टोचलं ते लिहून मागा, इंजेक्शनच्या आधीच्या आणि नंतरच्या एमआरआयच्या फिल्म जपून ठेवा. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे.