‘गॅरंटीड स्पिन्स’च्या नावाखाली माझे २७५ डॉलर गेले

आधी आकडे सांगते, म्हणजे ‘नक्की किती गेले?’ असं कोणी विचारायला नको. ४० डॉलर, मग १५०, मग ८५. लाडक्या गायिकेचं गाणं अमेरिकेतल्या रेडिओवर जास्त वेळा लागावं (एकदा लागलं की एक ‘स्पिन’) म्हणून दिलेले माझे स्वतःचे २७५ डॉलर बुडाले. वर माझ्या शब्दावर विश्वास ठेवून फॅन ग्रुपमधल्या पोरींनी दिलेले ३२० वेगळेच. त्यातल्या दोघी अजून कॉलेजात आहेत आणि आता माझ्याशी बोलत नाहीत.

चार्टचं गणित ज्यांना ठाऊक आहे त्यांना आमची तडफड कळेल. अमेरिकेतल्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत (चार्टमध्ये) स्ट्रीमिंग आणि विक्रीच्या जोडीला रेडिओही धरतात. स्ट्रीमिंग आपण रात्री जागून वाढवतो, गाणं विकतही घेतो, पण रेडिओपर्यंत फॅनचा हात पोचत नाही. कुठलं गाणं दिवसात किती वेळा लावायचं ते स्टेशनचा प्रोग्रॅम डायरेक्टर ठरवतो, आणि त्याला आपल्या प्रेमाचं काही सोयरसुतक नसतं. आमच्या लाडक्या गायिकेचं गाणं स्ट्रीमिंगला जोरात आणि रेडिओवर ठणठणाट. नेमकं याच दुखऱ्या जागेवर त्या माणसाने बोट ठेवलं.

तो काही कालपरवा उगवलेला नव्हता. ग्रुपचा जुना ॲडमिन. रेडिओवर गाण्याची रिक्वेस्ट कशी करावी याच्या त्याच्या फुकट सूचना आजही तंतोतंत बरोबर आहेत. ज्या शहरातलं स्टेशन, तिथल्याच श्रोत्याने फोन करायचा. परदेशातून एकाच मजकुराचे ढीगभर मेसेज पाठवले तर स्टेशनवाले वैतागतात आणि सगळ्यांनाच ब्लॉक करतात. गाणं रेडिओवर लागलं की शझॅम (गाणं ओळखणारं ॲप) लावायचं, कारण त्याचे आकडे प्रोग्रॅम डायरेक्टर बघतात. निवेदकाशी दोन वाक्यं माणसासारखी बोलायची, कागदावरचं वाचून दाखवायचं नाही. इतकं नेमकं सांगणारा माणूस लुबाडेल असं कोणाला वाटलं असतं? मला नाही वाटलं, आणि आज जे मला शहाणपण शिकवताहेत त्यांनाही तेव्हा वाटलं नव्हतं. त्याच्या पोस्टखाली बदामांचा पाऊस पाडणारे हेच लोक.

मग एके दिवशी त्याचा खाजगी मेसेज आला. एका ‘स्वतंत्र प्रमोटर’शी ओळख आहे, १२ स्टेशनांवर २०० स्पिन्स, गॅरंटीड. चाचणीपुरते ४० डॉलर भर, रिपोर्ट बघ, पटलं तर पुढे जाऊ.

‘गॅरंटीड’ या शब्दालाच मी थांबायला हवं होतं. खरा प्रमोटर गाणं स्टेशनपर्यंत नेतो, गळ घालतो, पण स्पिन्सचा वायदा करत नाही. पैसे घेऊन गाणं वाजवणं आणि ते श्रोत्यांपासून लपवणं हा अमेरिकेत १९६० पासून गुन्हा आहे. पेओला म्हणतात त्याला. १० हजार डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभरापर्यंत तुरुंग. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. २००५ साली न्यू यॉर्कचे ॲटर्नी जनरल इलियट स्पिट्झर यांनी पेओलाची चौकशी लावली आणि सोनी बीएमजी या रेकॉर्ड कंपनीने १ कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं, हेही मी वाचलं होतं. पण मी त्यातून अर्थ काय काढला? एवढ्या मोठ्या कंपन्या मधले दलाल धरून हे करत होत्या, म्हणजे ही वाट आहे तर खरी!

चाचणीचा रिपोर्ट आला. रंगीत तक्ता, स्टेशनचं नाव, शहर, फ्रिक्वेन्सी, वेळ. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं ९८.४ एफएम, बोस्टन. अमेरिकेत एफएमची फ्रिक्वेन्सी दशांशानंतर विषम आकड्यावरच संपते. ९८.३ असेल, ९८.५ असेल, ९८.४ असूच शकत नाही. त्याच ओळीत स्टेशनचं अधिकृत नाव (कॉल साइन) ‘के’ने सुरू होत होतं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या स्टेशनांची अशी नावं थोडे जुने अपवाद सोडले तर ‘डब्ल्यू’ने सुरू होतात, आणि बोस्टन थेट पूर्व किनाऱ्यावर आहे. एका ओळीत दोन चुका. आणि मला त्या दिसल्या होत्या हो! मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, ‘ते डिजिटल उपचॅनेल आहे, त्यांचं वेगळं असतं.’ मी ‘ओके, सॉरी’ लिहिलं. सॉरी! तो चॅट आजही माझ्या फोनमध्ये आहे आणि तो उघडला की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

वेळांचा रकानाही बघितला नाही. सगळे स्पिन्स पहाटे २ ते ५. ते खरे असते तरी त्या वेळी ऐकतो कोण? हॉट १००मध्ये रेडिओचा हिशोब किती लोकांनी ऐकलं यावर होतो. रिपोर्टमध्ये फक्त पहाटेच्या वेळा दिसल्या तर तिथेच फोन ठेवा.

मग १५० भरले. ग्रुपचे ३२० गोळा करून दिले. मग ‘रिपोर्ट अडकलाय, क्लिअरन्स फी लागेल’ म्हणून ८५. त्यानंतर ब्लॉक.

आता पुढची करमणूक ऐका. पैसे ज्या ॲपने पाठवले त्यांनी सांगितलं, व्यवहार ‘मित्र-नातेवाईक’ या प्रकारात आहे, त्याला संरक्षण नाही. तो प्रकार त्यानेच निवडायला लावला होता, ‘फी वाचते’ म्हणून. कोणी अनोळखी माणूस हा पर्याय निवडायला सांगत असेल तर समजून जा. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. पोलिसांत गेले तर समोरच्या साहेबांनी आधी ‘स्पिन म्हणजे वॉशिंग मशीन का?’ असं विचारलं, शेजारचा हसला, मग म्हणाले, आरोपी कुठल्या देशात आहे ते आधी शोधून आणा. मी शोधून आणू? रेडिओच्या नियामकाला लिहिलं तर आपोआप आलेलं उत्तर: तक्रार स्टेशनविरुद्ध असेल तर स्टेशनचं नाव द्या. स्टेशनच नाही, हीच तर तक्रार आहे! परत लिहिलं, परत तेच उत्तर. शेवटी तिथल्या एका बाईंनी फोनवर थंडपणे विचारलं, ‘म्हणजे तुम्ही पैसे देऊन गाणं लावून घ्यायला निघाला होतात?’ मला उत्तर सुचलं नाही. या लोकांचा धंदा याच प्रश्नावर चालतो. तक्रार करायला गेलेला आधी स्वतःच आरोपी होतो आणि गप्प बसतो.

मी गप्प बसणार नाही. पैसे मागणाऱ्याला स्टेशनचं नाव विचारा आणि त्या स्टेशनच्या स्वतःच्या साइटवर ‘नुकतीच वाजलेली गाणी’ ही यादी बघा. बऱ्याच स्टेशनांची असते, दोन मिनिटांचं काम आहे. मी ते पैसे गेल्यावर केलं.

तो माणूस आता दुसऱ्या गायकाच्या फॅन्समध्ये नव्या नावाने फिरतोय. तक्ता तोच आहे, ९८.४ सुद्धा तसंच. माझ्याकडे सगळे स्क्रीनशॉट आहेत. ज्यांना हवेत त्यांनी मागा, आणि ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी लाजू नका, तारीख आणि रक्कम लिहून पाठवा. एकत्र तक्रार टाकू.