35 महिन्यांनंतर: फोन झकास, बॅटरी फुगलेली, आणि बिल मागतायत चार्जरचं

गणपतीत आरती मोबाइलवर लावून फोन चौरंगाच्या कडेला ठेवला, तर तो डुलायला लागला. आधी चौरंगाच्या पायाखाली कागदाची घडी सारली. तरी डुलतोच म्हटल्यावर मुलीने उचलून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, चौरंग सरळ आहे. फोनला पोट आलंय." पाठीची काच एका बाजूने नखभर उचलली होती. बॅटरी फुगली होती.

कंपनीचं नाव घेत नाही, तक्रार अजून चालू आहे. वरच्या फळीतला फोन आहे, 2022 सालचा. रॅम-प्रोसेसर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. या फोनचा अनुभव मी जूनमध्येच लिहायला घेतला होता, तो अर्धवट राहिला. तो भाग तसाच ठेवतोय, कारण त्यातलं अर्धं मत आता माझं राहिलेलं नाही.

जूनमध्ये लिहिलेलं

फोन घेतला दिवाळीच्या पाडव्याला. किंमत 74,999. कार्डावर 5,000 सूट, जुन्या फोनचे 4,200, राहिले 65,799. वर वाढीव वॉरंटी, एकूण तीन वर्षं, तिचे 4,499. सगळे मिळून 70,298. हप्ते 'नो कॉस्ट' होते. म्हणजे व्याजाइतकी सूट आधी दाखवतात, आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी अन् प्रोसेसिंग फी गुपचूप कार्डाच्या बिलात येऊन बसते. मी पतसंस्थेत हिशोब लिहितो म्हणून नजरेस आलं. ती रक्कम वरच्या आकड्यात धरलेली नाही, धरली की झोप लागत नाही.

एवढे मोजून डबा उघडला, तर चार्जर नाही. माहीत होतं, तरी पुठ्ठ्याखाली बोट घालून पाहिलं. 2020 च्या ऑक्टोबरात आयफोन 12 आला तेव्हा ॲपलने डब्यातला चार्जर काढला, आणि जानेवारीत एस 21 आणताना सॅमसंगनेही तेच केलं. कारण पर्यावरणाचं: चार्जर लोकांच्या घरी असतोच. बरं, असतो. माझ्याकडेही 2017 च्या फोनचा आहे. पण डब्यातली केबल दोन्ही टोकांना टाइप-सी, आणि आमच्या घरातल्या यच्चयावत चार्जरना जुनं चपटं यूएसबीचं भोक. लग्नाला बोलवायचं, ताट घरून आणा म्हणायचं, आणि आणलेलं ताट पंगतीत मांडू द्यायचं नाही, त्यातली गत. शेवटी 250 रुपयांची वेगळी केबल आणली. कंपनीचा चार्जर 1,900 ला होता. नाही घेतला. घरात यावरून माझी चेष्टा होते. होऊ दे. 75 हजारांच्या वस्तूसोबत 1,900 ची गोष्ट देता येत नसेल, तर ती मीही विकत घेणार नाही.

फोनबद्दल म्हणाल तर नाव ठेवायला जागा नाही. स्क्रीन उत्तम, आवाज उत्तम. परवा पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. निवडुंग्या विठोबापाशी रात्री काढलेल्या फोटोत वारकऱ्यांच्या कपाळावरचा बुक्का आणि गंध वेगवेगळं दिसतं. तिसरं वर्ष सरत आलं तरी कुठे अडकत नाही. नवीन मॉडेल दुकानात हातात घेऊन पाहिलं, फरक विक्रेत्याने सांगितला तेव्हा कळला.

म्हणूनच म्हणतो, या फोनच्या किमती उतरायला हव्यात. 2022 मध्ये जगभरात साधारण 120 कोटी स्मार्टफोन दुकानांकडे गेले, 2013 नंतरचा तो नीचांक होता. माल पूर्वीसारखा उठत नसेल तर भाव उतरवायचा. मंडईत संध्याकाळी सातनंतर मेथीच्या दोन जुड्या एकीच्या भावात मिळतात, तिथे कुणी ब्रँडच्या प्रतिमेची काळजी करत नाही. आणि उतरवता येतात, हे दिसलंय. 2018 मध्ये 76,900 ला आलेला आयफोन एक्सआर पुढच्या एप्रिलात 59,900 वर आणला, आणि त्याच वर्षीचा आयफोन 11 सुरूच 64,900 पासून झाला. प्रत्येकाने 15 हजार कमी करावेत, मग बघा कसे

(इथे पतसंस्थेचं ऑडिट आलं, लिहिणं थांबलं.)

इथून पुढचं सप्टेंबरनंतरचं

सर्व्हिस सेंटरला टोकन 47. समोरचा मुलगा नम्र, मुलीच्या वयाचा. फोन बघून त्याने दोन बोटांनी अलगद बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, चार्जर कुठला वापरता?"

"तुम्ही दिलेला."

"आम्ही चार्जर देत नाही सर."

"तेच म्हणतोय."

त्याला विनोद कळला नाही, किंवा दिवसातून दहादा ऐकावा लागत असेल. नियम असा निघाला की वाढीव वॉरंटीत बॅटरी बसत नाही, कारण ती झिजणारी वस्तू. फुगणं हा मात्र दोष मानता येतो, पण कंपनीचा चार्जर वापरला असेल तर. न दिलेला चार्जर न वापरल्याबद्दल माझी वॉरंटी गेली, हे वाक्य मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

चार्जरमुळे बॅटरी फुगली, हे मला पटलेलं नाही. माझा जुना चार्जर 10 वॅटचा. तासन् तास लावतो, पण जितका हळू तितका फोन कमी तापतो, आणि लिथियमच्या बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. आता खरं सांगायचं तर ती उष्णता मी दिली असणार. धायरीहून ऑफिसला जाताना फोन स्कूटरच्या हँडलवरच्या होल्डरला, नकाशा चालू, स्क्रीन पूर्ण उजेडात, एप्रिल-मेच्या उन्हात. दोन उन्हाळे केलं. स्क्रीनवर 'फोन थंड होऊ द्या' अशी सूचना यायची, मी ती बोटाने सरकवून पुढे जायचो. तेव्हा दोष सगळा कंपनीचा नाही. पण ते मला होल्डरबद्दल विचारत नव्हते. चार्जरबद्दल विचारत होते.

मग एस्टिमेट. बॅटरी 6,900. फुगीमुळे पाठीची काच काढावी लागणार, ती बदलायची, 7,800. मजुरी 900. वर 18 टक्के. एकूण 18,408. आणि एक फॉर्म: उघडताना स्क्रीन गेली तर जबाबदारी ग्राहकाची. मी "जुनीच काच परत चिकटवा" म्हटलं तेव्हा मी 'सर'चा 'काका' झालो. "काका, एवढे घालण्यापेक्षा नवीन बघा ना. दिवाळी ऑफर लागतीय. फक्त हा एक्स्चेंजला चालणार नाही, बॅटरी फुगलीय."

त्या वाक्यावर मी बाहेर येऊन चहा घेतला, आणि जूनमधलं माझं मत तिथेच मोडलं.

2017 च्या डिसेंबरात ॲपलवर माफी मागायची वेळ आली होती. जुन्या आयफोनची बॅटरी थकली की सॉफ्टवेअरने फोनचा वेग कमी केला जातो, हे उघड झालं होतं. भरपाई म्हणून 2018 भर बॅटरी बदलायचे 79 ऐवजी 29 डॉलर घेतले, आपल्याकडे 6,500 ऐवजी 2,000 आणि कर. मग 2 जानेवारी 2019 ला ॲपलचे सीईओ टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं. तिमाहीच्या उत्पन्नाचा अंदाज 89 ते 93 अब्ज डॉलर होता, तो 84 वर आणला. कारणांमध्ये चीन होता, महाग डॉलर होता, आणि त्याच यादीत हेही होतं की काही ग्राहकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतली, नवीन फोन घेतला नाही.

पत्र मला आधीही माहीत होतं. पण हातात 18,408 चा कागद धरून आठवलं तेव्हा उलगडा झाला. स्वस्त बॅटरी ही महाग फोनची स्पर्धक आहे. माझा फोन अजून पळतोय, म्हणून मी नवीन घेत नाही. विक्रीची वाढ मंदावली म्हणतात ती दुसरी कोण, आम्हीच! चांगला फोन घेऊन तो चार वर्षं वापरणारे. आमच्यासाठी शोरूममधला भाव उतरवायची गरज नाही, दुरुस्तीचा भाव चढा ठेवला की पुरतं. 18,408 ला दुरुस्ती, की त्यात थोडे घालून नव्याचं डाऊन पेमेंट? तराजू आधीच झुकवून ठेवलाय.

आणि शोरूममधला भाव तसाही एक नाटकच. आयफोनचं साधं मॉडेल 2020 च्या आयफोन 12 पासून 2024 च्या 16 पर्यंत दर वर्षी 79,900 लाच आलं. त्या काळात डॉलर साधारण 73 रुपयांवरून 84 च्या आसपास गेला. म्हणजे डॉलरमध्ये तीच किंमत 140 च्या आसपास उतरली आणि कुणाला दिसलीही नाही. त्या 79,900 मध्ये 12,188 रुपये जीएसटीचे, कारण 1 एप्रिल 2020 पासून मोबाइलवर 12 चा 18 टक्के झाला. 2025 च्या 22 सप्टेंबरला एसी आणि मोठे टीव्ही 28 वरून 18 वर आले, मोबाइल होता तिथेच. 2024 च्या बजेटमध्ये मोबाइलवरची कस्टम ड्युटी 20 ची 15 टक्के झाली, तेव्हा आयफोन 15 किती उतरला? 300 रुपये. तो इथेच जोडला जात होता, ड्युटीचा फायदा बाहेरून येणाऱ्या महाग प्रो मॉडेलना. मी मागितलेले 15 हजार कुणी दिले असतेच, तर माझ्या जुन्या फोनचा एक्स्चेंजचा भावही तेवढाच पडला असता. हे जूनमध्ये सुचलं नाही, हिशोबनीस असून.

तेव्हा आता मागणी बदलतो. वरचा भाव ठेवा तुमचा. डब्यावर मात्र बॅटरीचा भाव छापा, आणि तो सात वर्षं चढवू नका. गूगलच्या पिक्सेल 8 आणि सॅमसंगच्या एस 24 पासून सात वर्षं सॉफ्टवेअर देण्याचं वचन आलंच आहे. सात वर्षं अपडेट येणार आणि तीन वर्षांत पोट सुटणार, तर त्या अपडेटचं करायचं काय, लोणचं? युरोपात 20 जून 2025 पासून नियम लागू झालाय की बॅटरीत 800 वेळा चार्ज होऊनही किमान 80 टक्के क्षमता राहिली पाहिजे, आणि मॉडेल बंद झाल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल निघालं. तिथे जाऊन पाहिलं, सर्व्हिस सेंटरचे पत्ते मिळाले. मी त्यातल्याच एका पत्त्यावरून आलो होतो.

पुढचं थोडक्यात. फुगलेला फोन लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, आणि उचललेली काच दाबून बसवायला जाऊ नका, मी आधी तेच करत होतो. तपकीर गल्लीत एकाने पाऊण तासात काम केलं. गरम हवा, पातळ पत्ती, आणि काच अखंड निघाली. जुनी बॅटरी त्याने वाळूच्या डब्यात टाकली. बॅटरी 2,400, डिंक आणि मजुरी 200. "काका, पाण्याची गॅरंटी नाही आता," म्हणाला. म्हणून परतीच्या पावसात फोन दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. नवी बॅटरी कंपनीची नाही, टक्केवारी कधी 40 वरून एकदम 31 वर उडी मारते. संध्याकाळपर्यंत पुरते, तेवढं बास.

हिशोब असा: 35 महिन्यांना 70,298, म्हणजे महिन्याला 2,008. हे 2,600 घालून आणखी दोन वर्षं चालला तर महिन्याला 1,235. सर्व्हिस सेंटरचे 18,408 घातले असते तर 1,503. हा 268 चा फरक मी काढून दाखवला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, 1,900 चा चार्जर घेतला असता तर यातलं काहीच झालं नसतं." यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण जेवताना वाद नको म्हणून दिलं नाही.

घ्यावा का? फोन म्हणून, हो. पण आदल्या वर्षीचं मॉडेल घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी काउंटरवर बॅटरीचा आणि मागच्या काचेचा दर विचारा. सांगता आला नाही तर थांबा. वाढीव वॉरंटीचे पैसे बॅटरीसाठी बाजूला टाका.

तक्रार मी 1915 वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर, नोंदवली. परवा कंपनीकडून मेल आला: वापरलेल्या चार्जरच्या खरेदीचं बिल जोडावं. चार्जर मी कधी विकतच घेतला नव्हता, तो 2017 च्या फोनच्या डब्यात आला होता. फायलीत त्या फोनचं बिल सापडलं. दुसऱ्या कंपनीचा फोन, 11,500 रुपये, खाली दुकानदाराच्या अक्षरात 'चार्जर, हेडफोन, कव्हरसहित'. तेच स्कॅन करून पाठवलंय.