एअर कूलरवर ओव्हरक्लॉकिंग: वेग चढवावा की व्होल्टेज उतरवावे?

नवा डेस्कटॉप जुळवून झाला, टॉवर कूलर (प्रोसेसरवर बसणारा, पंख्याच्या हवेने तो थंड ठेवणारा एअर कूलर) बसला, आणि आता बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ मांडणीत, शिरून प्रोसेसरचा वेग वाढवावा की नाही, या विचारात असलेल्या वाचकासाठी ही तुलना आहे. उदाहरण म्हणून मी एएमडीचे रायझन ५ ७६०० आणि ७६००एक्स हे सहा कोअरचे प्रोसेसर घेतले आहेत. इंटेलचा विचार पुढे थोडक्यात केला आहे. या प्रोसेसरांपुढे मार्ग तीन आहेत: सर्व कोअर एका ठरावीक वेगावर बांधून टाकणे, पीबीओ म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह ही वेग आपोआप वाढू देणारी सोय चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज उतरवणे, किंवा कारखान्यातून आलेल्या मांडणीला हात न लावणे.

ओव्हरक्लॉकिंगविषयीच्या आपल्या अपेक्षा अजूनही जुन्या काळातल्या आहेत. १९९८ मधला सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बसचा (त्याला बाकी संगणकाशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ४५० वर चाले. २०११ मधला कोअर आय५-२५००के हा ३.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर साध्या टॉवर कूलरवर ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत जाई. त्या काळी उत्पादक सुरक्षिततेसाठी वेगात बरीच जागा मोकळी ठेवत, आणि हौशी लोक ती वापरत. आता ती जागा बूस्ट, म्हणजे प्रोसेसर स्वतःहून चढवतो तो वेग, या नावाने कारखान्यातच वापरली जाते. ७६००एक्सचा मूळ वेग ४.७ आणि बूस्ट ५.३ गिगाहर्ट्झ आहे. कूलर बरा असेल तर पूर्ण भाराखालीही त्याचे सहाही कोअर ५ गिगाहर्ट्झच्या वर चालतात. त्यामुळे 'किती वाढवता येईल' यापेक्षा 'वाढवण्याची किंमत काय' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

ती किंमत उष्णतेत मोजावी लागते. प्रोसेसर खात असलेली वीज वेगाच्या सरळ प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ५ टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ वर, म्हणजे १० टक्के, न्यावे लागले असे समजू. १.२१ ला १.०५ ने गुणल्यास उत्तर सुमारे १.२७ येते, याचा अर्थ ५ टक्के वेगासाठी २७ टक्के अधिक उष्णता. उलट, वेग तोच ठेवून व्होल्टेज ५ टक्क्यांनी उतरवले, तर उष्णता जवळजवळ १० टक्क्यांनी घटते. हे ढोबळ गणित आहे, पण एअर कूलर वापरणाऱ्याचा कौल त्यावरच ठरावा, असे माझे मत आहे.

त्यातही आपल्याकडच्या खोल्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. एअर कूलर कितीही भारी असला तरी तो प्रोसेसरचे तापमान खोलीच्या हवेपेक्षा खाली नेऊ शकत नाही; हवेच्या वर किती अंशांवर तो थोपवून धरतो, एवढेच त्याच्या हातात असते. परदेशी चाचण्या बहुधा २० ते २२ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. तिथे ८० अंश दाखवणारा प्रोसेसर एप्रिल-मे महिन्यांत नागपूर किंवा जळगावच्या ३८ अंशांच्या खोलीत त्याच कामाला किमान ९६ अंशांची मागणी करेल. ७६००एक्सची मर्यादा ९५ अंशांची आहे. जानेवारीत उत्तम चाललेली मांडणी मे महिन्यात का कोलमडली, असा प्रश्न पडणाऱ्याने आधी भिंतीवरचा तापमापक पाहावा.

आता पहिला मार्ग. ७६००एक्सचे सर्व कोअर समजा ५.२ गिगाहर्ट्झवर बांधले, तर सलग पूर्ण भाराच्या कामात, म्हणजे व्हिडिओ रेंडर करताना किंवा मोठा प्रकल्प कंपाइल करताना, किंचित लाभ होऊ शकतो आणि वेग स्थिर राहतो. मात्र एक-दोन कोअरांवरच भार असताना प्रोसेसर स्वतःहून ५.३ किंवा त्याच्याही थोडा वर जात असे, ती सवलत संपते. गेम आणि रोजच्या वापरात हेच हलके भार अधिक येतात. म्हणजे ओव्हरक्लॉक करून संगणक तिथे मंद होतो, हा विनोद अनेकांच्या लक्षातच येत नाही. शिवाय बांधलेला वेग उष्णता पाहून हळूहळू माघार घेत नाही. मूळ मांडणीत प्रोसेसर क्षणोक्षणी जी बारीक जुळवाजुळव करतो, ती आपण स्वतःच बंद केलेली असते.

दुसऱ्या मार्गात वेगाचा निर्णय प्रोसेसरकडेच राहतो, आपण फक्त त्याची व्होल्टेजची रेषा खाली सरकवतो. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये प्रत्येक कोअरसाठी ऋण आकडा देता येतो. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची असते. प्रत्येक चिप वेगळी असल्याने उणे १० पासून सुरुवात करून पाच-पाचने खाली जावे, आणि दुसऱ्याच्या मांडणीतला उणे ३० हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. वाचलेल्या उष्णतेचा उपयोग प्रोसेसर आपोआप वेगासाठी करतो, किंवा वीजमर्यादा खाली ठेवून तुम्ही तो शांततेसाठी करू शकता.

या मार्गाची खोट चाचणीत आहे आणि ती लपून बसते. सिनेबेंच ही पूर्ण भाराची चाचणी दहा मिनिटे चालली म्हणून मांडणी स्थिर ठरत नाही. पूर्ण भाराखाली वेग उतरलेला असतो, त्यामुळे कमी व्होल्टेजही पुरते. खरी अडचण एकाच कोअरने सर्वोच्च वेग गाठला असताना येते, म्हणजे ब्राउझर उघडताना किंवा संगणक नुसता पडून असताना. म्हणून कोअरसायकलरसारख्या, एकेका कोअरवर आळीपाळीने भार टाकणाऱ्या साधनाने रात्रभर चाचणी घ्यावी आणि नंतर काही दिवस विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी तपासाव्यात. ज्या कोअरची नोंद येईल, त्याचा आकडा शून्याकडे आणावा. एवढी चिकाटी नसेल, तर या वाटेला न गेलेलेच बरे; अर्धवट स्थिर संगणक फायली बिघडवतो, आणि तेही कळते उशिरा.

वेग आणि व्होल्टेजला हात न लावण्याचा तिसरा मार्ग कमी प्रतीचा मुळीच नाही. ७६००एक्ससाठी बायोसमधला इको मोड एकूण वीजमर्यादा १४२ वॅटवरून ८८ वॅटवर आणतो, आणि सहा कोअरच्या या प्रोसेसरमध्ये वेगाचे नुकसान विजेच्या बचतीच्या मानाने फारच थोडे होते. ७६०० ची कारखान्यातली मर्यादाच ८८ वॅट आहे. त्यावर पीबीओ चालू केले की तो ७६००एक्सच्या बराच जवळ जातो. म्हणून अजून खरेदी व्हायची असेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा ऑनलाइन, एक्सच्या अक्षरासाठी जादा पैसे देण्यापेक्षा ७६०० घ्यावा आणि उरलेले पैसे कूलरला लावावेत. ७६०० सोबत रेथ स्टेल्थ हा छोटा ॲल्युमिनियमचा कूलर मिळतो. तो मूळ मर्यादेला पुरतो, पीबीओला नाही. ७६००एक्ससोबत कूलर येतच नाही.

कूलर निवडताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या प्रोसेसरांची बहुतांश उष्णता सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या चिपमधून बाहेर पडते आणि त्यावरचे धातूचे झाकण जाड आहे. उष्णता कूलरपर्यंत पोहोचण्याआधीच अडते. त्यामुळे डीपकूल एके४०० सारखा चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) एकेरी टॉवर आणि नॉक्टुआ एनएच-डी१५ सारखा दुहेरी टॉवर यांच्या किमतींतला फरक सहा कोअरच्या तापमानात त्याच प्रमाणात दिसत नाही. मोठ्या कूलरचा लाभ मुख्यतः आवाजात होतो. एके४०० ची उंची १५५ आणि डी१५ ची १६५ मिलिमीटर आहे, तेव्हा कॅबिनेटची रुंदी आणि पंख्याखाली येणाऱ्या रॅमची उंची आधी मोजावी. पुढून हवा आत आणि मागून बाहेर जाण्याची सोय नसलेल्या, पुढे सरसकट काच लावलेल्या कॅबिनेटमध्ये कोणताही टॉवर कूलर आपलीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो.

इंटेलच्या बाजूला खुला गुणक (ज्याने वेग ठरतो तो बदलता येणारा आकडा) के अक्षराच्या प्रोसेसरांना आणि झेड मालिकेच्या मदरबोर्डलाच मिळतो, तर एएमडीचे बी६५० बोर्डही ओव्हरक्लॉकिंग करू देतात. कोअर आय५-१३६००के मुळातच १८१ वॅटपर्यंत जातो. तिथे दुहेरी टॉवर चैनीची वस्तू राहत नाही. १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता उद्भवल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले आणि त्याच ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड, म्हणजे बायोसमार्फत प्रोसेसरला मिळणारी दुरुस्ती, आला. अशा प्रोसेसरवर व्होल्टेज वाढवणे मला शहाणपणाचे वाटत नाही; बायोस अद्ययावत करून थांबावे. रायझन ७ ७८००एक्स३डीचा गुणक कुलूपबंदच आहे, मात्र कर्व्ह ऑप्टिमायझर त्यावरही चालतो.

वॉरंटीचे कलम वाचून ठेवावे: पीबीओसुद्धा एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे, आणि त्यातून झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही.

माझा कौल दुसऱ्या मार्गाकडे आहे, तोही वीजमर्यादा न वाढवता. संगणकावर हिशेब, प्रबंध किंवा ग्राहकाचे काम होत असेल, तर तिसरा मार्ग आणि इको मोड घ्यावा. पहिला मार्ग दिवसभर रेंडर चालवणाऱ्यांसाठी, आणि तोही वातानुकूलित खोलीत, राखून ठेवावा. कोणतीही मांडणी असो, पक्की करण्यापूर्वी तिची चाचणी दुपारी तीनला, एसी बंद ठेवून घ्यावी.